जासूस सगळं शोधतो, आडनाव सोडून

या देशात गुप्तहेर व्हायला परवाना लागत नाही. खोली भाड्याने देणारा मालक गुप्तहेर असतो. रेल्वेत समोर बसलेले काका असतात, वसतिगृहात पहिल्या दिवशी भेटलेली रूममेट असते. मुलाखतीत सगळे प्रश्न संपल्यावर "तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?" असं सहज विचारणारे सरही असतात. यांच्या तपासाची पद्धत ठरलेली आहे. पूर्ण नाव काय? आडनाव? गाव कोणतं? गावात घर कुठल्या बाजूला? वडील काय करतात? तेवढ्यावर पत्ता लागला नाही तर गाडी जेवणावर येते. मग उपवास कोणता, कुलदैवत कोणतं, घरी भिंतीवर फोटो कोणाचा. शेरलॉक होम्स बुटाला लागलेल्या चिखलावरून माणसाचा प्रवास ओळखायचा. आपल्या काकांना दोन स्टेशनं पुरतात.

पदवीपर्यंत पोहोचलेली आपल्या घरातली पहिली पिढी म्हणजे आपण. त्यामुळे या तपासाची सवय आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. आईवडिलांची जात गावाला माहीतच होती, त्यांना कोणी विचारत बसलं नाही. आपण शहरात आलो, विद्यापीठात आलो, इंग्रजी बोलायला लागलो, आणि आपल्याला पाहून समोरच्याचा अंदाज चुकायला लागला. तिथून ही चौकशी सुरू झाली.

एवढी हेरगिरी रोज चालणाऱ्या देशात हेरगिरीचे सिनेमे मात्र या एका गोष्टीबद्दल तोंड उघडत नाहीत. हा लेख त्याबद्दल आहे. त्यासाठी मी एक गमतीदार, प्रेमळ, थोडा वेडगळ सिनेमा निवडला आहे, 'जग्गा जासूस'. तो मला आवडतो, हे आधीच सांगते. न आवडणाऱ्या सिनेमावर रागावणं सोपं असतं. आवडणाऱ्या सिनेमाला प्रश्न विचारायला जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

अनुराग बासू यांचा हा सिनेमा १४ जुलै २०१७ रोजी थिएटरमध्ये आला. त्याचं चित्रीकरण काही वर्षं रखडलं होतं. रणबीर कपूर आणि कतरिना कैफ यांच्यासारखी नावं असूनही तिकीटबारीवर तो अपेक्षेइतका चालला नाही. अडीच तासांपेक्षा लांब, निम्मे संवाद गाण्यातून, गोष्ट पुरुलियापासून आफ्रिकेपर्यंत भटकणारी. थिएटरमधल्या प्रेक्षकाला हे जड गेलं. पण सिनेमा घरच्या पडद्यावर आला, लोकांनी तुकड्यातुकड्याने पाहिला, मित्रमैत्रिणींना "अगं, हा बघ" म्हणून सुचवला, आणि त्याला त्याचे प्रेक्षक सापडले. माझ्या ओळखीत हा सिनेमा आवडणाऱ्या एकानेही तो थिएटरमध्ये पाहिलेला नाही.

घरी पाहण्याला आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. थिएटर तालुक्याच्या गावी, तिकीट महाग, आणि रात्रीचा खेळ सुटल्यावर परत यायला एसटी नाही. सिनेमाच वस्तीत यायचा. माझ्या आधीच्या पिढीत व्हीसीआर भाड्याने आणायचे, माझ्या लहानपणी व्हीसीडी प्लेयर आणि रंगीत टीव्ही. जयंतीच्या वर्गणीतून काही पैसे बाजूला काढले जायचे आणि समाजमंदिरासमोर रात्रभर तीन सिनेमे चालायचे. डॉ. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' मी असाच पाहिला. सीडी अडकली की कोणीतरी ती शर्टाच्या टोकाने पुसायचं, मग पुन्हा लावायचं. मोठी माणसं मध्येच "थांबव, मागं घे" म्हणायची आणि लहान पोरांना समजावून सांगायची. चवदार तळ्याचा प्रसंग आमच्या वस्तीत त्या रात्री तीनदा पाहिला गेला.

"थांबव, मागं घे." घरी आलेल्या सिनेमाने आपल्याला दिलेला हा हक्क आहे. थिएटरमध्ये सिनेमा आपल्याला ओढत नेतो, घरी रिमोट आपल्या हातात असतो. एका दृश्यावर थांबून कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहता येतं. चहा कोण आणतंय, त्याला नाव आहे का, तो वाक्य बोलतो का, हे पाहता येतं. संशोधक पुस्तक ज्या पद्धतीने वाचतो, समासात खुणा करत, तसा सिनेमा वाचता येतो. डिटेक्टिव्ह सिनेमाला तर ही पद्धत शोभूनच दिसते. तोही आपल्याला पुरावे नीट पाहायला सांगत असतो.

गंमत म्हणजे 'जग्गा जासूस'च्या मध्यभागीच एक व्हिडिओ कॅसेट आहे. जग्गा हा रुग्णालयात वाढलेला अनाथ मुलगा. तो बोलताना अडखळतो, म्हणून फारसा बोलतच नाही. तिथे त्याला बागची नावाचा एक विक्षिप्त माणूस भेटतो आणि त्याला युक्ती सांगतो: बोलता येत नसेल तर गाऊन सांग. अडखळणाऱ्या अनेकांना गाताना अडथळा येत नाही, हे खरंच आहे. मुलगा गाऊ लागतो. बागची त्याला मुलगा म्हणून वाढवतो, मग निवासी शाळेत ठेवतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर दर वाढदिवसाला शाळेत एक व्हीएचएस कॅसेट येते. तिच्यात बाप दिसतो, शुभेच्छा देतो, जगाबद्दल काही शिकवतो. एका वर्षी कॅसेट येत नाही. जग्गाचा मोठा तपास तिथून सुरू होतो.

कॅसेटमधला हा बाप पाहताना मला माझ्या ओळखीचे अनेक बाप आठवले. आपल्या घरच्यांनी आपल्याला शिकायला पाठवलं, पण पुढचा रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता. कोणता विषय घ्यावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरावा, मार्गदर्शकाशी कसं बोलावं, हे ते सांगू शकत नव्हते. माझे बाबा गवंडीकाम करतात. ते आजही फोनवर विचारतात, "पेपर कधी आहे?" पीएचडीला पेपर नसतो, प्रबंध असतो, हे मी त्यांना चार वर्षांपासून सांगते आहे. ते "बरं बरं" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात. त्यांच्याकडून येणारी माया खरी असते, माहिती आपल्याला दुसरीकडून गोळा करावी लागते. सीनियर्सकडून, ग्रंथालयातून, यूट्यूबवरून. पहिल्या पिढीचा प्रत्येक पदवीधर या अर्थाने थोडा जासूस असतो. इतरांना घरात जेवणाच्या ताटावर मिळालेली माहिती त्याला खाणाखुणांवरून शोधावी लागते.

आणि ते अडखळणं. जग्गाला उत्तर माहीत असतं, फक्त तोंडातून निघत नाही. आपल्यापैकी किती जणांनी सेमिनारमध्ये, व्हायवामध्ये हे अनुभवलं आहे! वाचलेलं असतं, समजलेलं असतं, पण इंग्रजीतलं पहिलं वाक्य जुळेपर्यंत दुसरा कोणीतरी बोलून मोकळा होतो. त्याला "आत्मविश्वासाचा अभाव" म्हणतात. ज्याच्या घरात तीन पिढ्या हीच भाषा बोलली गेली त्याच्या अस्खलितपणाला मात्र "बुद्धिमत्ता" म्हणतात.

जग्गाने शोधलेला उपाय आपल्याकडे जुना आहे. ज्यांना सभेत बोलू दिलं जात नव्हतं त्यांनी गाऊन सांगितलं. सत्यशोधक जलशांनी शेतकऱ्याला सावकार आणि भट यांचं गणित गाण्यातून समजावलं. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. कलगी-तुऱ्यातले सवालजवाब म्हणजे तर गाण्यातली उलटतपासणीच. त्यामुळे जग्गा पोलिसांसमोर पुरावे गाऊन मांडतो तेव्हा काही समीक्षकांना ते परदेशी संगीतिकेसारखं वाटलं असेल, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला ते लगेच ओळखीचं वाटेल.

इथपर्यंत सिनेमा आपला वाटतो. आता रिमोट हातात घेऊन थांबायची वेळ आली.

जग्गाला जात नाही. तो अनाथ आहे, त्याचे आईबाप कोण हे कोणाला माहीत नाही, आणि अख्ख्या सिनेमात त्याची जात विचारायचं कोणाला सुचत नाही. रुग्णालयात नाही, शाळेत नाही, पोलीस ठाण्यात नाही. त्याला वडील मिळतात ते बागची. त्याला सोबत मिळते ती श्रुती सेनगुप्ता नावाच्या धडपड्या पत्रकार मुलीची. बंगालमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, ही दोन्ही आडनावं कुठल्या थरातली आहेत ते सांगेल. म्हणजे सिनेमाने जात काढून टाकलेली नाही. ती आडनावांच्या जागी शांत बसली आहे. फक्त नायकाचं पान कोरं ठेवलं आहे. हिंदी सिनेमाला जातीबाहेरचा नायक हवा असला की तो अनाथ घेतो, हे जुनं आहे. खऱ्या आयुष्यात मात्र अनाथ मुलाची जात लोक जास्तच चौकसपणे विचारतात. मूल दत्तक घेणाऱ्या जोडप्याला नातेवाईक पहिला प्रश्न कोणता विचारतात ते आठवा.

श्रुती आणि जग्गा यांचं प्रेम प्रवासात घडतं. पाठलाग, विमान, वाळवंट, जत्रा. त्यांच्यात अडथळे खूप येतात, पण ते शस्त्रांचे व्यापारी आणि गुप्तचर खात्यातले लोक आणतात. घरचे कोणी नाहीत. मामा नाही, चुलत भाऊ नाही, "लोक काय म्हणतील" नाही. परीकथेत एवढं चालतं, मला मान्य आहे. पण ही परीकथा १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पुरुलियात विमानातून टाकलेल्या खऱ्या शस्त्रांवर उभी आहे. आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार पेलणाऱ्या कल्पनाशक्तीला एका आडनावाचा भार पेलत नाही, हे मला पुन्हा पुन्हा पाहताना खटकतं.

कोणी म्हणेल, हलक्याफुलक्या सिनेमात जात कशाला शोधता? हा प्रश्न आपल्याला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर तयारच ठेवावं. होम्सच्या एका प्रसिद्ध कथेत, १८९२ च्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये, सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे रात्री न भुंकलेला कुत्रा. तबेल्यात कोणीतरी आलं आणि कुत्रा गप्प राहिला, म्हणजे येणारा त्याच्या ओळखीचा होता. जे घडायला हवं होतं ते घडलं नाही, यावरून होम्स चोर पकडतो. भारतात एक तरुण आणि एक तरुणी प्रेमात पडतात, राज्यं ओलांडून हिंडतात, आणि जात एकदाही भुंकत नाही. डिटेक्टिव्ह सिनेमा पाहणाऱ्याने हे लक्षात घेऊ नये अशी अपेक्षा करणं या प्रकाराच्याच विरोधात जातं. कुत्रा का गप्प आहे? कारण घरात वावरणारे सगळे त्याच्या ओळखीचे आहेत. लिहिणारे, पैसे लावणारे, कॅमेऱ्यामागचे, पडद्यावरचे.

याच सुमाराचा दुसरा सिनेमा शेजारी ठेवून पाहू. ४ जुलै २०१४ रोजी आलेला समर शेख यांचा 'बॉबी जासूस'. तोही थिएटरमध्ये पडला आणि बऱ्याच जणांनी नंतर टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिला. मी हैदराबादेत संशोधन करते, त्यामुळे त्याची मोगलपुऱ्यातली गल्लीबोळं मला जवळची. विद्या बालनची बिल्किस, म्हणजे बॉबी, तिशीची मुस्लिम मुलगी. घर साधं, वडील तिच्या कामावर नाराज. मोठ्या एजन्सीत तिला कोणी घेत नाही, म्हणून ती मोहल्ल्यातच छोटी कामं घेते, वेषांतरं करते. तिचा एक गिऱ्हाईक आहे तसव्वुर, टीव्हीवर कार्यक्रम करणारा तरुण. घरचे त्याच्यासाठी स्थळं आणतात आणि त्या मुलींमध्ये काहीतरी खोट शोधून द्यायचं काम तो बॉबीला देतो. पुढे घरचे या दोघांचंच लग्न ठरवायला निघतात.

सिनेमा हे विनोदाने दाखवतो. पण भारतातल्या डिटेक्टिव्हच्या धंद्याबद्दल एवढं खरं हिंदी सिनेमाने क्वचितच सांगितलं असेल. आपल्याकडचे खासगी डिटेक्टिव्ह खुनाचा तपास करत नाहीत. त्यांच्या जाहिराती पाहा, सगळ्यांत वर असते 'विवाहपूर्व चौकशी'. मुलाचा पगार खरा आहे का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, घराणं कसं आहे. "घराणं" या शब्दात काय काय येतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. या धंद्याला नियम लावण्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, ते कायदा झालंच नाही. म्हणजे प्रेम आणि हेरगिरी यांची जोडी या देशात रोज जमते. फक्त हेर प्रेमाच्या बाजूने नसतो. जातीत लग्न नीट लागावं म्हणून त्याला पैसे दिलेले असतात.

सरकारी कागदही या कामात हातभार लावतो. विशेष विवाह कायदा १९५४ चा. जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी तो मोठा आधार आहे, हे आधी मान्य करू. पण त्याच कायद्यात लग्नाच्या इच्छेची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावायची आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहायची, अशी तरतूद आहे. घरून पळून आलेल्या जोडप्यासाठी हे ३० दिवस म्हणजे पाठलाग करणाऱ्याला दिलेला पत्ता. मानवी विकासाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०११-१२ साली आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं. राहिलेल्या ९५ टक्क्यांमागे किती चौकश्या, किती फोन, किती काका उभे असतील याचा अंदाज आपण करू शकतो.

आणि मग नागराज मंजुळे यांचा 'सैराट', २०१६ चा. त्याला कोणी डिटेक्टिव्ह सिनेमा म्हणत नाही. पण शेवटचा भाग पुन्हा लावून पाहा. पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या पळून हैदराबादेतच येतात. झोपडपट्टीत राहतात, डोशाच्या गाडीवर आणि कारखान्यात काम करतात, लग्न करतात, मूल होतं, घर घ्यायचं ठरवतात. काही वर्षांनी आर्चीला आईची आठवण येते आणि ती फोन करते. तेवढा एक धागा पुरतो. पुढे दारात भाऊ आणि नातेवाईक येतात, आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. हरवलेली माणसं सापडली की इतर सिनेमांत टाळ्या पडतात. इथे सापडणं म्हणजे मरण. बॉबी आणि आर्ची एकाच शहरातल्या. एकीच्या सिनेमात माणूस शोधून काढणं हा विजय आहे, दुसरीच्या सिनेमात ती शोधली जाते. तुम्ही कोणत्या घरात जन्मलात आणि कोणाशी लग्न केलंत यावर तुमचा सिनेमा कोणता ते ठरतं.

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी मार्च २०१६ मधलं तमिळनाडूतलं उडुमलपेट आठवावं, सप्टेंबर २०१८ मधलं तेलंगणातलं मिर्यालगुडा आठवावं. दोन्हीकडे दलित तरुणाला त्याच्या बायकोदेखत, भर दिवसा मारलं. दोन्हीकडे सीसीटीव्हीने ते टिपलं, आणि त्या चित्रफिती देशभर मोबाइलवर फिरल्या. आपल्या घरच्या पडद्यावर जातीच्या प्रेमकथा या रूपातही येतात. तिथे "खुनी कोण" हे रहस्य नसतं. सगळ्यांना माहीत असतं.

मग डिटेक्टिव्ह या माणसाचं आपण काय करायचं? माझ्या मते त्याला सोडून देऊ नये. त्याचा वारसा नीट तपासावा. बंगालीतले शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे ब्योमकेश बक्षी डिटेक्टिव्ह हा शब्द नाकारतात आणि स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवतात. १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची मालिका आली तेव्हा हे नाव देशभर घरोघरी गेलं. सत्यान्वेषी म्हणजे सत्याचा शोध घेणारा. मराठी वाचकाला यापेक्षा जुना आणि जवळचा शब्द ठाऊक आहे, सत्यशोधक. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात महात्मा फुल्यांनी स्थापलेल्या समाजाचं ते नाव. दोन शब्दांचा अर्थ जवळपास एकच, काम मात्र वेगळं. सत्यान्वेषी भद्रलोकांच्या दिवाणखान्यात जातो, एक गुन्हेगार शोधतो, आणि तो पकडला गेला की घर पूर्वीसारखं चालू लागतं. सत्यशोधक विचारतो की हे घर असंच का चालतं, स्वयंपाकघरापर्यंत कोणाला येऊ दिलं जातं, आणि मंत्र म्हणणाऱ्याला दक्षिणा कशाची मिळते. त्याच वर्षी डिसेंबरात सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्न लावलं. म्हणजे आपल्याकडे सत्याचा शोध आणि लग्नाचा प्रश्न पहिल्या वर्षापासून एकत्र आहेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटलं आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रांवर बोट ठेवलं, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

तपासाच्या हत्यारांचाही इतिहास विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी यांच्यासारख्या अनेक समाजांना जन्मावरूनच संशयित ठरवलं, त्यांच्या हजेऱ्या लावल्या. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता, नाव मात्र साहेबाचं, हेन्री पद्धती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालांकडे वळते हे आपण पाहतोच. सिनेमातला डिटेक्टिव्ह अंगावरच्या खुणेवरून माणूस शोधतो तेव्हा आपल्याला मजा येते. ज्यांच्या अख्ख्या समाजालाच खूण ठरवलं गेलं त्यांना तो प्रसंग कसा दिसत असेल, तेही पाहायला हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. असे सिनेमे बघा, हसा, गाणी गुणगुणा. 'जग्गा जासूस'मधला अडखळणारा, गाऊन सत्य सांगणारा मुलगा आपलाच आहे, त्याला परका करू नका. पण रिमोट खाली ठेवू नका. आडनावं लिहून काढा. कोणाला आडनाव आहे, कोणाला फक्त नाव, कोणाला नावही नाही, याची यादी करा. प्रेमात अडथळा कोणी आणला आणि कोणी आणायला हवा होता, हे टिपा. मग ते मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, जी भाषा तुमची असेल तिच्यात लिहा. अशा वीस याद्या वीस जणांनी केल्या तर ते संशोधन होईल, आणि त्यासाठी शिष्यवृत्ती मंजूर होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्यातून जे सिनेमा शिकायला गेले आहेत, जे कथा लिहितात, त्यांच्याकडे एक मागणी आहे. आम्हाला आमच्या आडनावाची एक जासूस द्या. ती गमतीदार असू द्या, तिला प्रेमात पडू द्या, तिला पावसात गाऊ द्या, तिने शेवटी मरू नये. पहिला प्रश्न विचारायच्या आधी तिलाच तिचं आडनाव विचारलं जाईल, आणि विचारणाऱ्याबद्दल तिला तिथेच निम्मं कळून जाईल. लहानपणापासून तिच्यावर पाळत ठेवली गेली आहे, त्यामुळे पाळत कशी ठेवतात हे तिला शिकवावं लागणार नाही. तो सिनेमा थिएटरमध्ये चालेल की नाही, सांगता येत नाही. घरी मात्र तो पाहिला जाईल. वस्तीत कोणीतरी "थांबव, मागं घे" म्हणेल, आणि शेजारच्या पोरीला समजावून सांगेल.

जय भीम.